निर्लेखनाच्या यादीत चढवण्याआधी संगणकाचा डबा एकदा उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या जुन्या सामानाच्या निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून वगळून भंगारात काढण्याची यादी करायला बसलं की मोडके बाक, गंजलेली कपाटं यांच्या रांगेत संगणकही येतात. ‘संगणक संच, नादुरुस्त’ एवढं लिहून पुढची ओळ सुरू होते. त्यात नेमकं काय नादुरुस्त आहे, हे कोणी विचारत नाही. मी दारव्ह्याला संगणक दुरुस्तीचं दुकान चालवते. आसपासच्या जिल्हा परिषद शाळा, ग्रामपंचायती, सोसायट्या, झेरॉक्सवाले यांचे डबे माझ्या टेबलावर येत असतात. ‘मेला’ म्हणून आणलेला संगणक बहुतेक वेळा मेलेला नसतो, हे मी रोज पाहते, आणि तेच सांगायला हे पत्र लिहिते आहे.

“ताई, भंगारवाला किलोनं मांगून राह्यला. तुम्ही एकदा पाहून घ्या, म्हणजे आमच्या मनाले खंत नको,” असं म्हणत एक मुख्याध्यापक मोटारसायकलच्या मागं पोत्यात बांधून संगणक घेऊन आले होते. असा विचार करणारे सर फार थोडे. बाकीच्या ठिकाणी तो पोत्यातला डबा थेट काट्यावर जातो.

संगणक ही एक वस्तू नाही. पत्र्याच्या डब्यात पाच-सात वेगवेगळ्या वस्तू स्क्रूनं आणि खाचांनी बसवलेल्या असतात. प्रत्येकीचं काम वेगळं, आयुष्य वेगळं, किंमत वेगळी. त्यातली कोणतीही एक काढून दुसरी बसवता येते, आणि ही सोय मुद्दाम केलेली आहे. टेबलावरच्या संगणकाची जी ठेवण आज चालते ती एटीएक्स नावाची, 1995 साली इंटेलनं ठरवून दिली. स्क्रूची भोकं कुठं, वीज देणारा सॉकेट कसा, हे सगळं त्यात आखून दिलं आहे. म्हणूनच एका कंपनीच्या डब्यातला भाग दुसऱ्या कंपनीच्या डब्यात बसतो.

आता बटण दाबल्यावर आत काय होतं ते क्रमानं पाहू. क्रम कळला की गाडी कुठं अडली तेही कळतं.

सगळ्यात आधी एसएमपीएस. डब्याच्या मागच्या कोपऱ्यातला, पंखा असलेला चौकोनी पत्र्याचा ठोकळा तो हाच. भिंतीतून येणारी 230 व्होल्टची वीज हा आत घेतो, तिची एकदिशा वीज करतो, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून काढतो आणि शेवटी 12, 5 आणि 3.3 व्होल्ट अशी तीन प्रकारची शांत वीज बाहेर देतो. पिवळी वायर 12 व्होल्टची, लाल 5 ची, नारिंगी 3.3 ची आणि काळी परतीची. जांभळ्या वायरीत संगणक बंद असतानाही 5 व्होल्ट येत असतात, कारण बटण दाबलं गेलं हे कळायलाही आत कोणीतरी जागं राहावं लागतं. बटण दाबलं की मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मोठी पाटी, हिरवी वायर काळीला जोडतो आणि एसएमपीएस पूर्ण सुरू होतो.

यातूनच आमची पहिली तपासणी निघते. 24 पिनांचा मोठा सॉकेट मदरबोर्डातून काढायचा, हिरवी आणि एक काळी वायर तारेच्या तुकड्यानं जोडायची आणि मग वीज द्यायची. ठोकळ्याचा पंखा फिरला तर तो जिवंत आहे. मग मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावून पिवळीवर 11.4 ते 12.6 आणि लालवर 4.75 ते 5.25 च्या मध्ये आकडा येतो का ते पाहायचं. आला नाही तर एसएमपीएस बदलायचा, बाकी सगळा संगणक जसाच्या तसा चालतो. एक गोष्ट मात्र मुलांना आणि मोठ्यांनाही बजावून सांगते: हा ठोकळा स्वतः उघडायचा नाही. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त वीज साठते आणि वायर काढल्यावरही काही वेळ तशीच राहते.

आपल्या भागात सगळ्यात जास्त हाच भाग जातो, आणि त्यात बनवणाऱ्याचा दोष कमी, आपल्या विजेचा जास्त. शेतीपंपांच्या वेळेला गावातला बल्ब पिवळा पडतो. सगळे पंप एकदम बंद झाले की व्होल्टेज उसळतं. वादळात खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात 230 च्या जागी चारशेच्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात, आणि त्या रात्री अख्ख्या गल्लीतले टीव्ही, चार्जर, फ्रिज जातात. चांगल्या एसएमपीएसमध्ये अशा वेळी आतला फ्यूज आणि व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग) आधी जळतो आणि मागचे भाग वाचतात. म्हणजे एसएमपीएस जळाला हे पुष्कळदा बाकीचा संगणक वाचल्याचंच लक्षण असतं! आणि नेमका असाच संगणक ‘जळाला’ म्हणून भंगारात जातो.

याच जागी अर्थिंगबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हा मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. “कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात,” ही तक्रार मी कितीतरी शाळांत ऐकली आहे. त्यावर उपाय म्हणून टेबलाखाली रबरी चटई टाकतात आणि मुलांना “चप्पल घालून बसा” म्हणतात. झिणझिण्या येण्याचं कारण सरळ आहे. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी एसएमपीएसच्या तोंडाशी दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. त्यांच्यातून झिरपणारी किंचित वीज तिसऱ्या जाड पिनेतून जमिनीत जावी, अशी योजना असते. भिंतीतल्या बोर्डात ती तिसरी वायरच जोडलेली नसली तर डब्याचा पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. त्यातून येणारा प्रवाह अगदी थोडा असतो, एरवी तो चटका देऊन सोडतो. पण उद्या आत खरीच एखादी वायर उघडी पडून पत्र्याला टेकली, तर तिला वाट देणारं दुसरं काहीच नसतं. मग ती वाट लेकराच्या अंगातून जाते.

बऱ्याच शाळाखोल्यांत फक्त दोन वायरी ओढलेल्या असतात आणि बोर्डाचं तिसरं भोक नुसतं दिसायला असतं. जिथं अर्थिंगचा खड्डा आहे तिथंही आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. कोळसा-मीठ घालून केलेल्या खड्ड्यात मार्च ते जून अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं, एवढं काम शाळेचा शिपाईही करू शकतो. संगणक नवा आला की उद्घाटन होतं, फीत कापतात. त्याच दिवशी अर्थिंग मोजलं का, हे कोणीतरी विचारावं असं मला फार वाटतं.

एसएमपीएस सुरू झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत तो करड्या वायरीतून ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देतो. मग प्रोसेसर, म्हणजे सगळी कामं करणारी मुख्य चिप, जागा होतो आणि मदरबोर्डवरच्या एका लहान चिपमधला कायमचा लिहिलेला प्रोग्राम वाचायला लागतो. त्याला बायोस म्हणतात. बायोस एकेका भागाची हजेरी घेतो. त्यात रॅमनं हजेरी दिली नाही तर पडद्यावर काहीही येत नाही, फक्त पंखे फिरतात आणि आत लहान स्पीकर असला तर लांब बीप ऐकू येतात. बघणाऱ्याला वाटतं सगळं संपलं.

रॅम म्हणजे काय ते मी मुलांना शेतातूनच सांगते. कपाशी टोबताना बियाणं कोठीत असतं, पण टोबणारी बाई प्रत्येक दाण्यासाठी कोठीकडं जात नाही. ओटीत घेते आणि ओटीतून टोबते. हार्ड डिस्क ही कोठी, रॅम ही ओटी. ओटी लहान असली तर फेऱ्या वाढतात आणि संगणक कण्हत चालतो. रॅममधला प्रत्येक कण अतिशय लहान कपॅसिटर असतो. त्यातली वीज आपोआप गळून जाते, म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत सगळी रॅम पुन्हा भरून घ्यावी लागते. वीज गेली की भरणंही थांबतं आणि न जतन केलेलं काम जातं. पत्रक टाइप करताना वीज गेल्यावर सर ज्या ओळी हरवतात त्या इथूनच हरवतात.

रॅमच्या पट्टीची सोनेरी कड खाचेत बसते. पावसाळ्याच्या दमटपणानं आणि धुळीनं त्या कडेवर बारीक थर चढतो आणि जोड तुटतो. अडाण नदीपलीकडच्या एका गावातल्या शाळेत मी सातवीच्या एका मुलीला ती पट्टी काढायला लावली. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या कड्या दाबल्या की पट्टी आपसूक वर येते. तिनं ती उन्हात धरून पाहिली. सोन्याच्या रेघांवर काळपट डाग होते.

“मॅडम, वहीचाच खोडरबर चालते का?”

“चालते. पण बोर्डावर नको घासू, कागदावर घे. आणि आधी डब्याच्या पत्र्याले हात लाव.”

पत्र्याला हात लावायचं कारण आमच्या कोरड्या हवेत आणि टेरिलीनच्या गणवेशात अंगावर स्थिर वीज साठते, आणि ती चिपला मारू शकते. तिनं हलक्या हातानं घासलं, फुंकर न मारता रुमालानं पुसलं, खाच पाहून पट्टी सरळ दाबली. दोन्ही कड्या ‘टक’ करून बसल्या. बटण दाबल्यावर पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं. मागून एक पोरगा म्हणाला, “मंग इतके दिवस काहून बंद होता हा?” त्या प्रश्नाचं उत्तर तिथं कोणाकडंच नव्हतं.

असाच दुसरा भाग म्हणजे मदरबोर्डवरचा सेल. नाण्यासारखा दिसतो, त्यावर सीआर 2032 लिहिलेलं असतं: 20 मिलिमीटर रुंद, 3.2 मिलिमीटर जाड, 3 व्होल्ट. संगणक बंद असताना आतलं घड्याळ याच्यावर चालतं. त्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि ते मोजून सेकंद पुढं सरकतो. काही वर्षांनी सेल उतरतो. मग संगणक सुरू करताना तारीख दहा-पंधरा वर्षं मागं जाते आणि पडद्यावर ‘एफ 1 दाबा’ असं येतं. यातून जो घोळ होतो तो कोणाच्या लक्षात येत नाही: बँकेचं किंवा शिक्षण विभागाचं पोर्टल उघडताना ब्राउझर त्या साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र तारखेशी ताडून पाहतो. संगणकाच्या मते अजून ती तारीखच उजाडलेली नसते, म्हणून तो साइट उघडू देत नाही. शाळेत म्हणतात, “नेट बंद आहे, संगणक जुना झाला.” दुकानात 50 रुपयांच्या आसपास मिळणारा सेल बदलला, तारीख नीट केली की काम झालं.

प्रोसेसरबद्दल फार लिहीत नाही, कारण तो क्वचितच बिघडतो. त्याचा शत्रू उष्णता. बहुतेक प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचले की स्वतःचा वेग कमी करतात आणि त्याहून तापले तर बंद पडतात. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात 45 च्या वर जातो. पत्र्याच्या छपराखाली तर विचारूच नका. त्यात आपल्याकडं कापूस. ज्या घरात किंवा ज्या खोलीशेजारी वेचणीचा कापूस साठवतात तिथले संगणक मी उघडले की प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनिअमच्या पात्यांमध्ये रुईच्या तंतूंची गादी बसलेली दिसते. वारा जायला जागाच नसते. “दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो,” या तक्रारीचा उगम पुष्कळदा तिथंच असतो. पंखा बोटानं धरून ब्रशनं तंतू काढायचे, प्रोसेसर आणि ॲल्युमिनिअम यांच्यामधली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावायची. मदरबोर्डवर उभे असलेले लहान गोल कपॅसिटरही तेव्हाच पाहून घ्यावेत. त्यांची टोपी सपाट असायला हवी. फुगली असेल तर तेवढे कपॅसिटर झाळून बदलता येतात.

राहिली हार्ड डिस्क. जुन्या संगणकात फिरत्या तबकडीची असते, मिनिटाला 5,400 किंवा 7,200 फेरे. तिच्यावरचं वाचणारं टोक हवं त्या जागी पोचायला आणि ती जागा फिरून त्याच्याखाली यायला मिळून दहा-बारा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर ठिकाणी ते जाऊ शकतं. संगणक सुरू होताना मात्र हजारो लहान फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचाव्या लागतात. जुना संगणक सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं घेतो तो यामुळं. प्रोसेसर तोपर्यंत रिकामा बसलेला असतो. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही, ती सेकंदाला हजारो ठिकाणांहून वाचते. डिस्क जोडायची सॅटा नावाची वायर तीच, जागा तीच. सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून, 240 जीबीची एक एसएसडी आणि 4 जीबीची जास्तीची रॅम पट्टी घेतली तर दहा वर्षांचा संगणकही मुलांच्या कामाला सहज पुरतो. यात काही मोठं गणित नाही, शाळांनी करून पाहावं.

14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय असलेलाच संगणक लागतो. त्यामुळं ‘आता हे सगळे कालबाह्य’ असं सांगून नवे संच विकणारे गावोगाव फिरू लागले आहेत. पण यंत्राला काहीच झालेलं नाही. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली चालते, आपल्याच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं बनवलेली बॉस ही प्रणाली त्याच घराण्यातली आहे आणि मोफत आहे. मराठी युनिकोड टायपिंग, पत्रकं, चित्रं, इंटरनेट, सगळं त्यात होतं.

आता मूळ मागणी. एका केंद्रातल्या, म्हणजे एकाच केंद्रशाळेला जोडलेल्या शाळांना पुष्कळदा एकाच खेपेत एकाच प्रकारचे संगणक मिळालेले असतात. एका शाळेतल्याची डिस्क गेलेली असते, दुसरीतल्याचा एसएमपीएस, तिसरीतल्याची रॅम. तिघी आपापल्या यादीत ‘नादुरुस्त’ लिहितात आणि तीन संच भंगारात जातात. ते तिन्ही एका टेबलावर मांडले तर त्यातून दोन चालू होतात. फक्त रॅमची जात सारखी हवी. डीडीआर 3 ला 240 पिना असतात, डीडीआर 4 ला 288, आणि खाचेची जागा वेगळी असल्यानं चुकीची पट्टी बसतच नाही. म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की निर्लेखनाच्या प्रस्तावाबरोबर प्रत्येक संगणकाचा एक कागद मागावा: एसएमपीएस, रॅम, सेल, डिस्क, मदरबोर्ड, पडदा यांपैकी काय तपासलं, काय चालतं, काय नाही, आणि तपासणाऱ्याची सही. असा कागद नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा. केंद्रशाळेत महिन्यातून एकदा शिक्षण परिषद भरतेच. त्यातली एक दुपार या कामाला द्यावी.

जे खरंच संपलं आहे ते किलोनं विकू नये. जुन्या बोर्डांच्या झाळणीत शिसं असतं. गावाबाहेर वायरी जाळून तांबं काढतात तो काळा धूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे, आणि त्या धुराजवळ मुलंच उभी असतात. ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. त्याप्रमाणे हा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडंच जायला हवा. तालुक्याचा माल एकत्र केला तर न्यायला गाडी येऊ शकते, एकेका शाळेसाठी ती येणार नाही.

संगणकाच्या परीक्षांत आमची मुलं ‘सीपीयू (म्हणजे प्रोसेसरच) म्हणजे काय’ याचं उत्तर पाठ करतात आणि बहुतेकांनी तो पाहिलेलाही नसतो. ज्या यंत्रावर त्यांचं पुढचं शिक्षण, नोकरीचे अर्ज, पीक विम्याचे कागद सगळं अवलंबून राहणार आहे, ते आतून कसं आहे हे पाहण्याचा त्यांना हक्क आहे. शेतकऱ्याच्या पोरीला पंपाचा स्टार्टर उघडून पाहता येतो, तर रॅमची पट्टीही काढता आली पाहिजे.

दारव्हा, दिग्रस, नेर भागातल्या कुठल्याही केंद्रशाळेनं एक दिवस ठरवावा. मी माझं मल्टिमीटर, पेचकस, ब्रश आणि आठ-दहा सेल घेऊन येईन, मजुरी घेणार नाही. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे बंद संगणक त्या दिवशी तिथं आणून ठेवावेत, सहावी ते आठवीची मुलं टेबलाभोवती असावीत आणि शाळेचं वीज बिल तेवढं आधी भरलेलं असावं.

आपली,
एक वाचक, संगणक दुरुस्ती व्यावसायिक
दारव्हा, जि. यवतमाळ